उजवा हात परीक्षेचा

दांडा डाव्या तळहातावर बसला तेव्हा धाकटीनं दात आवळले, पण हात मागे घेतला नाही. मागे घेतला की एकाचे दोन व्हायचे, हा घरचा कायदा होता. कायदा करणारा तिचा बाप समोर उलट्या घमेल्यावर बसला होता. एका हातात फावड्याचा तुटका दांडा, दुसऱ्या हातात गुलाबी कागदाची उत्तरसूची. "उजवा हात परीक्षेचा," तो म्हणायचा, "डावा माझा."

बाप चुनाभट्टीवाला. त्याला आकडे वाचता येत आणि अ, ब, क, ड ही चार अक्षरं ओळखू येत, आणि तेवढ्या भांडवलावर तो मास्तर झाला होता. धाकटीनं सराव प्रश्नसंच सोडवायचा, उत्तरं कागदावर लिहायची, आणि संध्याकाळी हात धुऊन बापानं ती सूचीशी ताडून बघायची. सूचीत क आणि कागदावर ब, की दांडा. त्यात दयामाया नाही की रागही नाही. तो अगदी शांतपणे मारायचा, चुनखडी फोडावी तसा.

परीक्षा होती शहरातल्या मोठ्या विज्ञान विद्यालयाची. पास झालं की राहणं, जेवणं, शिकणं सगळं तिकडेच. नापास झालं की भट्टी. परीक्षेला दोनदाच बसू देत, आणि धाकटीचा थोरला भाऊ दोनदा बसून दोनदा आपटला होता. याच संचावर त्यानं अभ्यास केला होता, याच सूचीवर आणि याच दांड्याखाली. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं तेव्हापासून सरळ होत नव्हती. गंमत अशी, की पहिल्या वेळी तो थोडक्यात हुकला होता. दुसऱ्या वेळी जीव तोडून अभ्यास केला, अख्खी सूची पाठ केली, आणि गुण पहिल्यापेक्षा कमी पडले. बापानं तेव्हा कपाळाला हात लावला होता. पालथ्या घड्यावर पाणी, म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी पोराच्या हातात फावडं दिलं.

त्या उन्हाळ्यात भट्टीवरची दोन माणसं काम सोडून गेली. वारं असं सुटलं होतं की भट्टी हाताबाहेर जाई, ज्वाळा वर येई, आणि त्यातल्या एकाचा खांदा भाजला. तो गेला, त्याच्यामागे दुसराही गेला. भट्टी पेटलेली. एकदा पेटली की ती मध्येच थांबवता येत नाही. विझली तर आतला दगड अर्धाकच्चा राहतो आणि सगळी भरणी फुकट जाते. मग घरचीच चार माणसं जुंपली गेली. बाप वरून चुनखडी आणि कोळशाचे थर टाकी. थोरला खालच्या तोंडातून भाजलेला चुना ओढी. आई घमेली वाही, आणि धाकटी घण घेऊन दगड फोडी. संच तिनं पोटाशी खोचलेला असे. चार दगड फोडले की एक प्रश्न वाचायचा, पुढचे चार फोडेपर्यंत त्याचं उत्तर शोधायचं. अभ्यासाची ही तिची रीत. तोंड पांढरं, पापण्या पांढऱ्या, आणि घामाच्या जागी चामडी सोललेली.

थोरला तिच्याशी धड बोलत नसे. जाता येता घमेल्यानं ढोसायचा. "झाली का शास्त्रज्ञ? मग हा दगड उचल." एकदा तिनं उलट उत्तर दिलं तर त्यानं तिची वेणी धरून कोळशाच्या ढिगात तोंड दाबलं. आई ओरडली तेव्हा सोडलं. बापानं ते पाहिलं आणि एवढंच विचारलं, उजव्या हाताला लागलं नाही ना?

त्या संध्याकाळी चुनखडीचाच प्रश्न आला. चुनखडी तापवली असता कोणता वायू बाहेर पडतो? धाकटीला हसू आलं. हे तर तिच्या दारातलं. भट्टीच्या कडेच्या खड्ड्यात उबेला झोपलेली दोन कुत्री सकाळी ताठ झालेली तिनं पाहिली होती. घरात त्याला भट्टीचा वारा म्हणत. शाळेत बाईंनी त्याचं नाव सांगितलं होतं, कार्बन डायऑक्साइड, आणि फळ्यावर समीकरण मांडताना तिलाच उभं केलं होतं. तिनं ब लिहिलं.

बापानं सूचीवर बोट फिरवलं. "ड," म्हणाला. "हात."

ड म्हणजे हायड्रोजन. धाकटी जागची हलली नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती म्हणाली, बाबा, हे बरोबर आहे. बापानं तिच्याकडे बघितलं, मग कागदाकडे. छापलेलं खोटं आणि तू खरी का, असं विचारून त्यानं एकाचे दोन केले. उलट बोलल्याबद्दल तिसरा दिला. तळहाताची कातडी फाटली आणि रक्त मनगटापर्यंत आलं. पण त्या दिवशी तिला दुखलं ते निराळंच. आजवर मार खाताना तिला वाटायचं, आपण मठ्ठ आहोत, म्हणून खातोय. आज तिला ठाऊक होतं की आपण बरोबर आहोत.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती संच आणि सूची घेऊन शाळेत बाईंकडे गेली. सूची बापाच्या सदऱ्याच्या खिशातून काढली होती. तो वर कोळसा पसरत होता आणि सदरा खुंटीला होता. बाईंनी चष्मा लावून आधी तिची उत्तरं तपासली. बहुतेक बरोबर होती. मग सूची बघितली आणि त्यांचा चेहराच बदलला. ही सूची या संचाची नव्हती. छापणारा तोच, गुलाबी रंग तोच, पण वर्ष वेगळं. संचात शंभर प्रश्न आणि सूचीत एकशेवीस उत्तरं.

धाकटीला आठवलं. ती वरची वीस उत्तरं घरात सगळ्यांना माहीत होती. बापानं संच जुन्या पुस्तकवाल्याकडून आणला होता, त्याची सूची कुणीतरी फाडून नेलेली. मग तो पुन्हा जाऊन उत्तरं मागून घेऊन आला. रंगाला रंग जुळवला आणि घरी आल्यावर आकडे मोजले. प्रश्न कमी भरले, तेव्हा थोरल्याला धरून झोडपलं होतं, पुस्तकाची पानं कुठं हरवलीस म्हणून. पोरानं शपथा घेतल्या. मग मार चुकवायला एक दिवस कबूलही केलं की हो, हरवली.

बाई म्हणाल्या, मी येते तुझ्या वडिलांशी बोलायला. धाकटीनं त्यांचे पाय धरले. नका येऊ. माझा भाऊ घरी असतो.

घरी येऊन तिनं सूची गुपचूप सदऱ्याच्या खिशात परत ठेवली आणि आईला सांगितलं. आई घमेलं डोक्यावर घेत होती. ते तसंच खाली ठेवून बसली. बराच वेळ भट्टीच्या तोंडाशी वाकलेल्या थोरल्याच्या पाठीकडे बघत राहिली. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आपण, म्हणाली, आणि पदर तोंडात कोंबला. मग तिनं धाकटीचं मनगट पकडलं.

"परीक्षा होईपर्यंत तोंड शिवून ठेव. त्याला कळलं तर तो तुझ्या बापाला भट्टीत घालेल. आणि तुझा बाप काही सुखासुखी जायचा नाही, याला घेऊन जाईल."

मग काय करू, तिनं विचारलं. आईनं सांगितलं, बापाला हवं ते लिही. परीक्षेला खरं ते लिही.

सांगायला सोपं. धाकटीनं प्रत्येक प्रश्नाची दोन उत्तरं पाठ करायला घेतली, एक घरचं आणि एक खरं. सूची अर्धी तर अंगावरच्या वळांनी पाठ झालीच होती. दगड फोडताना ती पुटपुटायची, बाराला घरचं अ, खरं क. पंधराला दोन्ही ड. चारातलं एखादं जुळायचंच, म्हणून तर एवढी वर्षं कुणाला संशय आला नव्हता. पण डोकं म्हणजे काही दोन कप्प्यांचा डबा नव्हे. कधी कधी खरं आठवायला गेली की घरचं वर यायचं, आणि खरं वर आलं की डावा हात आपोआप मुठीत जायचा. तिला भीती वाटू लागली. परीक्षेच्या बाकावर बसल्यावर यातलं कुठलं हातात उतरेल, हे तिचं तिलाच सांगता येईना.

इकडे बाप मात्र हवेत. पोरीची एकही चूक नाही! दांडा नुसता मांडीवर पडून. त्यानं कोळशाच्या गाडीवाल्याला सांगितलं, चहावाल्याला सांगितलं, आणि एका संध्याकाळी थोरल्याला बोलावून कागद त्याच्या नाकासमोर नाचवला. "बघ, लहान असून! तुला दोन वर्षं कुटलं तरी डोक्यात शिरलं नाही. गाढवच तू."

थोरल्यानं कागदावरून नजर फिरवली. सूची त्यालाही पाठ होती. पण दिवसभर खाली चुना ओढताना बहीण काय पुटपुटते ते त्याच्या कानावर पडत होतं, आणि ते भलतंच होतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी त्यानं तिला खालच्या तोंडाशी बोलावलं. नुकताच ओढलेला चुना ढिगात पडला होता, दगड वरून पांढरे आणि आतून लाल. बाप वर होता, आई पाण्याला गेली होती. त्यानं तिचं उजवं मनगट धरलं आणि हात ढिगावर नेला.

"दोन दोन उत्तरं कसली घोकतेस? कॉपी करायची काही युक्ती आहे ना? मला नाही सांगितली कुणी. बोल."

तिनं हिसका दिला. त्यानं दुसऱ्या हातानं तिची मान दाबली. धग तळव्याला लागली. ती म्हणाली, काही नाही रे दादा, सोड. तो हात आणखी खाली नेत गेला. कानामागून आली आणि तिखट झाली, म्हणाला, उद्या कशानं लिहितेस बघतो. करंगळी दगडाला टेकली, चर्र झालं आणि जळक्या कातडीचा वास आला. धाकटीनं किंकाळी फोडली. आईला दिलेला शब्द, बाप, भट्टी, सगळं त्या किंकाळीत निघून गेलं.

"तू चुकला नव्हतास दादा! ती सूची दुसऱ्याच संचाची आहे!"

त्याचा हात सैल पडला. ती करंगळी तोंडात घालून रडत रडत सांगत गेली, बाई काय म्हणाल्या, वीस उत्तरं जास्त का होती, सगळं. तो ऐकत होता की नाही कळत नव्हतं. मग त्यानं विचारलं, चुनखडीचं उत्तर काय?

ब, ती म्हणाली.

"मी पहिल्यांदा ब च लिहिलं होतं," तो म्हणाला. वाकड्या बोटांकडे बघत पुन्हा म्हणाला, "ब च लिहिलं होतं की मी."

आणि तो उठून वर गेला. धाकटी मागे धावली, पण तोवर त्यानं बापाला पाठीमागून गचांडी धरून फिरवलं होतं. बाप काही पडेल माणूस नव्हता. त्यानं काय झालं हेही न विचारता थोरल्याच्या तोंडावर ठोसा मारला. नाक फुटलं. थोरल्यानं डोकं बापाच्या छातीत घातलं आणि दोघं उतारावरून कोळशाच्या चुऱ्यात गडगडत खाली आले. बापानं त्याचा कान चावला. थोरल्यानं त्याच्या बरगडीत गुडघा घातला, पुन्हा घातला, आणि बापाचा श्वास कोंडला तसा त्याच्या उजव्या दंडावर गुडघा रोवून बसला. दांडा जवळच पडला होता.

"डावा हात."

बाप थुंकला. थोरल्यानं त्याचा डावा हात ओढून उलट्या घमेल्यावर ठेवला.

"चुनखडी तापवली की कोणता वायू निघतो?"

"मला काय माहीत? भट्टीचा वारा..."

दांडा बसला. बाप ओरडला नाही, पण त्याचे डोळे मोठे झाले. कार्बन डायऑक्साइड, थोरला म्हणाला, म्हण. बाप म्हणाला, कारबन डाय. पुढचं त्याच्या जिभेला येईना. दांडा बसला. कारबन डायसाइड. दांडा बसला. धाकटी भावाच्या पाठीवर बुक्क्या मारत होती, शर्ट ओढत होती. त्यानं कोपरानं तिला उडवलं. बापाची बोटं काळीनिळी झाली, एक नख उलटं झालं. तो आता खरंच शिकत होता, लहान पोरासारखा ओठ हलवत, आणि शेवटी एकदाचं त्याला जमलं. कार्बन डायऑक्साइड, तो म्हणाला.

दांडा बसला. आत काहीतरी मोडल्याचा आवाज झाला.

"अरे, बरोबर सांगितलं की आता!" बाप कळवळला. "मग का मारतोस?"

"मी पण बरोबरच सांगत होतो."

बाप त्याच्याकडे बघत राहिला. मग धाकटीकडे बघितलं, काय म्हणतो हा, अशा नजरेनं. तिनं पोटाशी खोचलेला संच काढला. खुंटीवरच्या सदऱ्यातून सूची आणली. दोन्ही त्याच्या तोंडाशी धरून वर्षाचे आकडे दाखवले. आकडे त्याला वाचता येत होते. हा वेगळा, हा वेगळा. बाई म्हणाल्या, ही याची नाहीच.

बाप पुन्हा पुन्हा वाचत राहिला. "याच्या दोन्ही वेळा हीच होती?" त्यानं विचारलं. "आणि ती पानं... ती पण हरवली नव्हती?"

नव्हती, थोरला म्हणाला. त्यानं गुडघा काढला. बापाला आता उठता आलं असतं, पळता आलं असतं. तो उठून बसला आणि त्यानं आपला मोडका हात आपल्या हातानं उचलून पुन्हा घमेल्यावर ठेवला. मग मान खाली घातली.

थोरल्यानं मारलं. मोजलं नाही. तो रडत होता आणि मारत होता, आणि बाप हात मागे घेत नव्हता. पाण्याहून परतलेल्या आईनं हंडा तिथंच टाकला आणि लाकडाचा ओंडका उचलून थोरल्याच्या खांद्यावर घातला, तेव्हा कुठं ते थांबलं. थोरला तिथंच आडवा झाला. आईनं ओंडका खाली टाकला नाही. आता कुणी उठलं तर याद राखा, म्हणाली.

सकाळी बापाचा हात फळीला बांधलेला होता आणि थोरल्याचा खांदा उचलत नव्हता. दोघं धड उभे राहू शकत नव्हते, आणि भट्टी जळत होती. धाकटीनं न विचारताच फावडं घेतलं. आता परीक्षा कसली? बापानं ते तिच्या हातून काढून घेतलं.

"विझली तर विझू दे," तो म्हणाला. "तू जा."

पण थोरला उतार चढून वर गेला होता. एका हातानं घमेलं ओढत, वाकड्या बोटांनी कोळसा पसरत होता. बापाकडे त्यानं बघितलं नाही. धाकटी निघाली तशी वरूनच त्यानं हाक मारली.

"पहिलं मनात येईल तेच लिही. खोडू नकोस. मी खोडत गेलो."

परीक्षेच्या खोलीत पंखा कुरकुरत होता. शेजारची मुलगी तिच्या पांढऱ्या पापण्यांकडे बघून जरा सरकून बसली. धाकटीनं चिंधी बांधलेल्या उजव्या हातात पेन धरलं. करंगळी ठणकत होती. पहिला प्रश्न वाचला. उत्तर वर आलं, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरंही आलं. डावा हात मुठीत गेला आणि बाकाखाली लपला. तिनं तो ओढून वर आणला, बाकावर उताणा ठेवला, बोटं एकेक करून उघडली. मग पहिलं आलेलं उत्तर लिहिलं आणि मार यायची वाट बघितली.

कुणी मारलं नाही. तिनं दुसरा प्रश्न वाचायला घेतला.